रस्त्यावर उतरून काय झालं?

७ जुलै २०२०, बेलग्रेड. सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर वुचिच टीव्हीवर आले. कोविडचे रुग्ण पुन्हा वाढले आहेत, दवाखान्यांत जागा उरलेली नाही, त्यामुळे येत्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत राजधानीत कडक संचारबंदी लागेल, असं त्यांनी सांगितलं. त्याच रात्री हजारो लोक संसदेसमोर जमले. काही जण दरवाजा फोडून आत शिरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. दुसऱ्या दिवशी वुचिच यांची भाषा मवाळ झाली. तिसऱ्या दिवशी सरकारनं जाहीर केलं, की शनिवार-रविवारची संचारबंदी लागणार नाही. फक्त दहापेक्षा जास्त लोकांनी एकत्र जमू नये.

दोन दिवसांत सरकारनं माघार घेतली. साथीच्या काळात युरोपात जी शेकडो निदर्शनं झाली, त्यांत इतका झटपट आणि इतका उघड विजय क्वचितच कुणाच्या वाट्याला आला. तेव्हा "आंदोलनानं काही फरक पडतो का?" या प्रश्नाचं उत्तर बेलग्रेडपुरतं तरी "हो" असं द्यायला हरकत नाही, असं वाटतं.

पण गोष्ट चार महिने आधीपासून वाचली, तर हे उत्तर डळमळायला लागतं.

मार्च २०२० मध्ये सर्बियात आणीबाणी जाहीर झाली. पासष्ट वर्षांवरच्या शहरी नागरिकांना घराबाहेर पडायलाच बंदी होती. ईस्टरच्या वेळी सलग ८४ तासांची संचारबंदी लागली. मग मे महिन्यात एकदम सगळं खुलं झालं, कारण २१ जूनला निवडणूक होती. १० जूनला बेलग्रेडच्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी फुटबॉल संघांचा सामना हजारो प्रेक्षकांच्या साक्षीनं खेळला गेला. नोव्हाक जोकोविचनं भरवलेली टेनिस स्पर्धा त्याच महिन्यात झाली. तिथं खेळाडू मिठ्या मारताना दिसले आणि थोड्याच दिवसांत खुद्द जोकोविच पॉझिटिव्ह निघाला. निवडणूक झाली, वुचिच यांचा पक्ष प्रचंड बहुमतानं जिंकला. दुसऱ्याच दिवशी बाल्कन देशांतल्या शोधपत्रकारांच्या एका संस्थेनं बातमी दिली, की १ जूनपर्यंत सरकारनं कोविडचे २४४ मृत्यू जाहीर केले असले, तरी सरकारच्याच नोंदींत ६३२ मृत्यू आहेत. आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष पुन्हा सांगत होते, की घरात बसा.

म्हणजे लोक चिडले होते ते संचारबंदीवर कमी आणि फसवणुकीवर जास्त. संचारबंदी गेली. फसवणुकीचं काय? त्याचा जाब कुणी दिला नाही. एप्रिल २०२२ मध्ये वुचिच पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आले. आणि जी संचारबंदी रद्द झाली, ती साथीच्या दृष्टीनं कदाचित गरजेचीही होती, कारण जुलैमध्ये दवाखाने खरोखरच भरलेले होते.

म्हणून या लेखात मी "मोर्चा निघाला, नियम गेला का?" एवढंच मोजणार नाही. साथीच्या काळात नियम येतात-जातात ते बरंचसं विषाणूच्या आलेखाप्रमाणे. मला बघायचंय ते दुसरं काही. तात्पुरता म्हणून आलेला अधिकार सरकारला परत करायला कुणी लावलं, आणि कसं?

आग आणि अर्ज

नेदरलँड्समध्ये २३ जानेवारी २०२१ ला रात्री नऊ ते पहाटे साडेचारची संचारबंदी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लावलेल्या संचारबंदीनंतरची ही पहिलीच. पहिल्याच रात्री उर्क या मच्छीमारांच्या गावात तरुणांनी कोविड तपासणी केंद्र पेटवून दिलं. पुढचे तीन-चार दिवस आइंडहोवन, रॉटरडॅम अशा शहरांत दुकानं फुटली, गाड्या जळाल्या, शेकडो लोकांना अटक झाली. सरकार जागचं हललं नाही. उलट दंगलींमुळे संचारबंदीच्या बाजूची माणसं अधिक ठाम झाली.

त्याच वेळी निर्बंधविरोधी गटानं हेगच्या न्यायालयात अर्ज केला होता. १६ फेब्रुवारीला निकाल लागला, आणि तो सरकारच्या विरोधात होता. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की ज्या कायद्याच्या आधारे संचारबंदी लावली, तो अचानक येणाऱ्या संकटांसाठी आहे, उदाहरणार्थ समुद्राचा बांध फुटला तर. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशात हे उदाहरण सगळ्यांना लगेच कळतं. बांध फुटल्यावर संसदेत चर्चा करत बसायला वेळ नसतो. संचारबंदीवर मात्र आठवडेच्या आठवडे चर्चा चालली होती, मग संसदेला वगळून ती का लावली?

त्याच संध्याकाळी वरच्या न्यायालयानं निकालाला स्थगिती दिली. सरकारनं घाईघाईनं नवं विधेयक आणलं, आणि तीन दिवसांत ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. पुढे अपिलातही सरकार जिंकलं. संचारबंदी २८ एप्रिलपर्यंत चालली.

हरलेलाच खटला म्हणायचा. पण त्या तीन दिवसांत एक गोष्ट घडली. मंत्रिमंडळानं स्वतःच्या अधिकारात लावलेला नियम संसदेसमोर उभा राहिला, त्यावर मतदान झालं, आणि कोण बाजूनं होतं व कोण विरुद्ध, याची नोंद झाली. तपासणी केंद्र जाळून जे झालं नाही, ते एका अर्जानं केलं. अर्ज करणाऱ्या गटाची विषाणूबद्दलची मतं मला अजिबात पटत नाहीत. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता.

संख्या मोठी, परिणाम अस्पष्ट

आता मोठ्या मोर्चांकडे येऊ.

१२ जुलै २०२१ ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी जाहीर केलं, की यापुढे कॅफे, सिनेमागृह, लांब पल्ल्याची रेल्वे यांसाठी आरोग्य पास लागेल. पास म्हणजे लसीचं, चाचणीचं किंवा बरं झाल्याचं प्रमाणपत्र. पुढचे कित्येक शनिवार देशभर मोर्चे निघाले. ७ ऑगस्टला फ्रेंच गृह मंत्रालयाच्या मोजणीनुसार २,३७,००० लोक रस्त्यावर होते. आकडा मोठा आहे. पण भाषणानंतरच्या एका दिवसात नऊ लाखांहून जास्त लोकांनी लसीसाठी वेळ घेतली होती, हा आकडा त्याहून मोठा आहे. पास राहिला. बदल झाला तो ५ ऑगस्टला, घटना परिषदेत. बाधितांचं आपोआप सक्तीचं विलगीकरण आणि पास नसलेल्या कंत्राटी कामगाराला मुदतीआधी काढून टाकण्याची मुभा, ही दोन कलमं परिषदेनं रद्द केली.

ऑस्ट्रिया एक पाऊल पुढे गेला. १९ नोव्हेंबर २०२१ ला सरकारनं जाहीर केलं, की सर्व प्रौढांना लस सक्तीची होईल. युरोपियन संघात असं पाऊल उचलणारा हा पहिलाच देश. दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात सुमारे ४०,००० लोकांचा मोर्चा निघाला, डिसेंबरमध्येही तेवढेच लोक आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये कायदा लागू झाला. मार्चमध्ये, दंड आकारायला सुरुवात होण्याआधीच, तो स्थगित झाला आणि उन्हाळ्यात कायमचा रद्द झाला. एकालाही दंड झाला नाही.

मग हा मोर्चाचा विजय का? दरम्यान ओमायक्रॉन आला होता. तो पसरत होता भरपूर, पण अतिदक्षता विभागात येणारे रुग्ण त्या प्रमाणात वाढत नव्हते. लस घेतलेल्यांनाही संसर्ग होत होता, त्यामुळे सक्तीचा मूळ युक्तिवाद पातळ झाला. घोषणा करणारे चान्सलर जाऊन दुसरे आले होते. लाखो लोकांना नोटिसा पाठवणारी यंत्रणाही तयार नव्हती. मोर्चा या कारणांपैकी एक होता, आणि त्याचा वाटा किती हे कुणीच वेगळं काढून दाखवू शकणार नाही.

पण हिशेब तिथं संपत नाही. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत लससक्तीविरुद्ध सतत बोलणारा अतिउजवा फ्रीडम पक्ष सुमारे २९ टक्के मतं घेऊन पहिल्या क्रमांकावर आला. त्यामागं महागाई आणि स्थलांतराचे मुद्दे होतेच, पण त्या दोन वर्षांत गेलेला विश्वासही होता. लस स्वतः चांगली होती, तिनं युरोपात असंख्य जीव वाचवले. सक्तीची घोषणा करायची आणि मग ती अमलात न आणताच गुंडाळायची, यात मात्र सरकारनं दोन्हीकडून गमावलं. लस घेणाऱ्यांना वाटलं सरकार घाबरलं, न घेणाऱ्यांना वाटलं आपण म्हणत होतो तेच खरं.

आधी जमण्याचा हक्क

या सगळ्या मोर्चांच्या आधी एक छोटं आंदोलन होऊन गेलं होतं. मला ते या काळातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं, आणि त्यात जेमतेम तीस माणसं अपेक्षित होती.

एप्रिल २०२०. जर्मनीतलं गीसेन हे विद्यापीठाचं शहर. एका माणसानं निदर्शनांची पूर्वसूचना दिली. घोषणा अशी होती, की मूलभूत हक्क कमकुवत करण्याऐवजी आरोग्यव्यवस्था बळकट करा. माणसं अंतर ठेवून उभी राहतील, अंतराच्या खुणा केल्या जातील, हेही त्यानं कळवलं. शहर प्रशासनानं परवानगी नाकारली. कारण दिलं, की एका घरातले नसलेल्या दोनहून अधिक लोकांना एकत्र यायला बंदीच आहे.

प्रकरण थेट कार्ल्सरूऽच्या घटना न्यायालयात गेलं. १५ एप्रिलला न्यायालयानं सांगितलं, की प्रशासनाचं चुकलं. नियमात सरसकट बंदी नाही. प्रत्येक निदर्शनाचा स्वतंत्र विचार करावा लागेल, अटी घालता येतील, पण "साथ आहे, म्हणून नाही" एवढं उत्तर पुरेसं नाही. त्यानंतर मास्क आणि अंतराच्या अटींवर निदर्शनं झाली.

फ्रान्समध्ये १३ जूनला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं असाच निर्णय दिला. दहाहून अधिक लोकांच्या जमावावरची बंदी रीतसर कळवलेल्या मोर्चांना लावता येणार नाही. तेव्हा वंशवादाविरुद्ध हजारो लोक आधीच पॅरिसच्या रस्त्यावर आलेले होते.

या निर्णयांचा फायदा नंतर कुणाला झाला, हेही सांगायला हवं. २९ ऑगस्ट २०२० ला बर्लिनमध्ये सुमारे ३८,००० निर्बंधविरोधी लोक जमले. शहरानं घातलेली बंदी न्यायालयांनी उठवली होती. संध्याकाळी त्यांच्यातले काहीशे जण जुन्या जर्मन साम्राज्याचे काळे-पांढरे-लाल झेंडे घेऊन संसदेच्या पायऱ्या चढले. दारात मोजकेच पोलीस होते, त्यांनी काठ्या उगारून त्यांना रोखलं. गीसेनच्या तीस माणसांनी मिळवलेला हक्क त्यांनाही मिळाला. हक्काचं असंच असतं, तो आपल्या आवडीच्या माणसांपुरता ठेवता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये जर्मन संसदेनं साथरोग कायद्यात बदल केला. बाहेर ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ पोलीस निदर्शकांवर पाण्याचे फवारे मारत होते. आत मंजूर झालेल्या कायद्यात एक तरतूद होती. यापुढे निर्बंधांच्या प्रत्येक आदेशासोबत कारणं छापावी लागतील, आणि साधारणपणे प्रत्येक आदेश चार आठवड्यांनी संपेल. मुदत वाढवायची, तर पुन्हा आदेश काढावा लागेल. बाहेर भिजणाऱ्या जमावाची ही मागणी नव्हती. न्यायालयं, कायद्याचे अभ्यासक आणि विरोधी पक्ष महिनोन्‌महिने हे मागत होते. पण गीसेनपासून सुरू झालेला धागा तिथं जाऊन पोचला. आदेशावर संपण्याची तारीख आली.

ब्रिटनमध्ये हा धागा मध्येच तुटला. मार्च २०२१ मध्ये लंडनच्या क्लॅपहम कॉमनवर, एका पोलिसानं केलेल्या तरुणीच्या खुनानंतर, शेकडो स्त्रिया मेणबत्त्या घेऊन जमल्या. पोलिसांनी साथीचा नियम दाखवून काही जणींना जमिनीवर दाबून बेड्या घातल्या. वर्षभरानं उच्च न्यायालयानं ठरवलं, की पोलिसांनी आयोजक स्त्रियांच्या हक्कांचा भंग केला. पण त्याच वसंतात, एप्रिल २०२२ मध्ये, संसदेनं पोलिसांना मोर्चाच्या आवाजावरूनही निर्बंध घालण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर केला. साथीचा नियम गेला आणि निदर्शनांवरचा कायमचा अंकुश आधीपेक्षा वाढला.

शुक्रवारच्या सायकली

या सगळ्यांत मला सर्वात जास्त शिकण्यासारखं वाटतं ते स्लोव्हेनियाचं उदाहरण. वीस लाखांचा देश, लोकसंख्येनं पुणे शहराहून लहान.

१३ मार्च २०२० ला यानेझ यान्शा पंतप्रधान झाले, तेव्हा देशात साथ जाहीर होऊन एकच दिवस झाला होता. एप्रिलमध्ये सरकारच्या राखीव साठ्याच्या खात्यातला एक अधिकारी टीव्हीवर आला आणि त्यानं सांगितलं, की मास्क आणि व्हेंटिलेटरच्या खरेदीत राजकीय दबाव आला. लोक संतापले. पण जमायला बंदी होती.

लोक आधी बाल्कनीत उभे राहिले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की सायकल चालवायला बंदी नाही. सायकलवर अंतर आपोआप राखलं जातं, दोन चाकांच्या लांबीइतकं. मे महिन्यात हजारो सायकली ल्युब्लियानाच्या रस्त्यावर, संसदेभोवती घंट्या वाजवत फिरू लागल्या. दर शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. पावसाळ्यात, हिवाळ्यात, दुसऱ्या लाटेत निर्बंध कडक झाल्यावरही. काही शुक्रवारी हजारो माणसं होती, काही शुक्रवारी मूठभर. पोलिसांनी दंडाच्या पावत्या फाडल्या. घटनेची प्रत वाचणाऱ्यांनाही दंड झाले. बंदोबस्ताचा खर्च म्हणून एका आंदोलकाकडं हजारो युरो मागण्यात आले.

सरकार पडलं का? नाही. पहिल्या शुक्रवारी नाही, पन्नासाव्या शुक्रवारीही नाही. तुम्ही त्या वेळी ल्युब्लियानात असता, तर वर्षभरानं नक्की म्हणाला असता, की याचा काही उपयोग नाही.

पण त्या शुक्रवारांमुळे माणसं एकमेकांना ओळखू लागली. पर्यावरणवाले, कलाकार, निवृत्त शिक्षक, विद्यार्थी. जुलै २०२१ मध्ये पाणवठ्यांच्या काठावर बांधकामाची वाट मोकळी होईल अशी भीती ज्याबद्दल होती, त्या कायद्यावर सार्वमत झालं, तेव्हा हेच लोक दारोदारी फिरले. सुमारे ८७ टक्के लोकांनी कायदा फेटाळला. त्याच्या थोडं आधी, जूनमध्ये, घटना न्यायालयानं ठरवलं होतं, की सरकारला जमावबंदीचा जो मोकळा अधिकार कायद्यानं दिला होता, तो घटनाबाह्य होता. आणि एप्रिल २०२२ च्या निवडणुकीत मतदान सुमारे ७० टक्क्यांवर गेलं. चार वर्षांपूर्वी ते ५३ टक्क्यांच्या आसपास होतं. यान्शा हरले. २०२३ मध्ये संसदेनं कायदा करून, घटनाबाह्य ठरलेल्या कोविड-नियमांखाली भरलेले दंड लोकांना परत करायचं ठरवलं.

पोलंडमध्येही असंच काहीसं घडलं, पण अर्धवट. ऑक्टोबर २०२० मध्ये घटना न्यायाधिकरणानं गर्भपात जवळपास पूर्ण बेकायदा ठरवला. पाचहून अधिक लोकांनी जमायला बंदी असताना ३० ऑक्टोबरला वॉर्सामध्ये सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. सरकारनं निकाल राजपत्रात छापायला तीन महिने लावले, मग छापला. सर्वोच्च न्यायालयानं पुढे अनेकांचे कोविड-दंड रद्द केले, कारण रीतसर आणीबाणी जाहीर न करताच संचारस्वातंत्र्य काढून घेतलं होतं. २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्के मतदान झालं आणि सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं. तरी जुलै २०२४ मध्ये गर्भपाताला मदत करणं हा गुन्हा न ठेवण्याचं विधेयक २१८ विरुद्ध २१५ मतांनी पडलं. सरकार बदललं, पण ज्यासाठी एक लाख लोक थंडीत चालले, ते मिळालं नाही.

स्वित्झर्लंडमध्ये विरोधकांकडं मोर्च्यापेक्षा धारदार हत्यार होतं. तिथं शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या गोळा केल्या, की संसदेचा कायदा सार्वमताला टाकता येतो. गायीच्या गळ्यातल्या मोठमोठ्या घंटा वाजवत मोर्चे काढणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, एकदा नाही, तीनदा. २०२१ मध्ये दोनदा आणि २०२३ मध्ये एकदा मतदान झालं. तिन्ही वेळा साधारण ६० ते ६२ टक्के लोकांनी कोविड कायद्याच्या बाजूनं कौल दिला. विरोधक हरले. पण त्यानंतर "हे आमच्यावर लादलं" असं म्हणायला फारशी जागा उरली नाही, कारण त्यांनाच विचारून झालं होतं.

जुना हिशेब: लेस्टर आणि पुणे

युरोपला हा वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये १८५३ पासून बाळांना देवीची लस टोचणं सक्तीचं होतं. १८६७ आणि १८७१ च्या कायद्यांनी ती सक्ती आणखी आवळली. लस न टोचणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा, दंड न भरल्यास सामान जप्त व्हायचं, नाहीतर तुरुंग. लेस्टर या कामगारांच्या शहरात हजारो खटले भरले गेले. २३ मार्च १८८५ ला तिथं प्रचंड मोर्चा निघाला. त्या काळच्या अंदाजांप्रमाणे ८०,००० ते एक लाख माणसं होती. लसीचा जनक एडवर्ड जेन्नर याच्या पुतळ्याला प्रतीकात्मक फाशी देण्यात आली.

लसीबद्दल ते लोक चुकत होते. पण पुढं काय झालं बघा. दुसऱ्या वर्षी स्थानिक मंडळाची निवडणूक झाली, सक्तीविरोधी लोक निवडून आले आणि त्यांनी खटले भरणं थांबवलं. शहरानं रुग्ण लवकर कळवणं, वेगळं ठेवणं, संपर्कातल्या माणसांवर लक्ष ठेवणं, ही पद्धत बळकट केली. १८८९ मध्ये सरकारनं शाही आयोग नेमला. सात वर्षं साक्षी झाल्या. १८९८ च्या कायद्यानं सद्सद्विवेकानं विरोध करणाऱ्या पालकांना सूट मिळाली. मोर्च्यापासून कायद्यापर्यंत तेरा वर्षं लागली.

त्याच साम्राज्यात, त्याच दशकात, पुण्यात काय चाललं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. युरोपातली राष्ट्रं घाबरली. मुंबईहून येणारी जहाजं, माल आणि यात्रेकरू यांचं काय करायचं, हे ठरवायला फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्यापार बंद पडण्याच्या भीतीनं सरकारनं आधीच, ४ फेब्रुवारीला, साथरोग कायदा करून टाकला होता. पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग समितीनं गोरे सोल्जर घराघरात घातले. रोग खोटा नव्हता. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना प्लेगनंच गेल्या. पण माजघरात बूट घालून शिरणारा सोल्जर ही वेगळी गोष्ट होती, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायला मतपेटी नव्हती. पुण्यातल्या माणसाला मंडळ बदलता येत नव्हतं, शाही आयोगासमोर सात वर्षं बोलता येत नव्हतं. टिळकांनी लिहिलं, त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. चाफेकरांनी २२ जूनच्या रात्री गोळी झाडली, ते फासावर गेले. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मुस्लिम विणकरांच्या वस्तीत प्लेगच्या झडतीवरून दंगल उसळली. त्यानंतर मात्र सरकारनं घरझडतीची आणि सक्तीची धार हळूहळू कमी केली, कारण बळजबरीनं रोग लपवला जातो आणि शहर पेटतं, हे त्यालाही कळलं.

म्हणजे पुण्या-मुंबईतही विरोधानं फरक पडला. झडत्या थांबल्या. कायदा मात्र तसाच राहिला.

लेस्टर आणि पुणे शेजारी ठेवले, की २०२० चं युरोप मला जास्त स्पष्ट दिसतं. राग दोन्हीकडं होता. रागाला पुढं जायला वाट होती का, हा फरक होता. बेलग्रेडच्या रागानं एक संचारबंदी घालवली आणि तो तिथंच विरला. ल्युब्लियानाचा राग शंभर शुक्रवार सायकल चालवत सार्वमतापर्यंत, न्यायालयापर्यंत आणि मतपेटीपर्यंत गेला. मोर्चाच्या दिवशी काही बदललं नाही म्हणून जे घरी गेले, त्यांना हे दिसलंच नसतं.

त्यामुळं "आंदोलनानं फरक पडतो का?" असं मला कुणी विचारलं, तर मी उलट विचारेन, की मागणी नेमकी काय आहे? "हा नियम नको" ही मागणी बहुतेक वेळा विषाणूच पूर्ण करतो किंवा धुडकावतो. "हा नियम किती दिवस, कुणाच्या मंजुरीनं, आणि चुकला तर दाद कुठं?" ही मागणी मात्र माणसांनाच करावी लागते. ती कंटाळवाणी आहे, तिच्यावर रील बनत नाही, आणि ती पूर्ण व्हायला दोन वर्षं लागतात, कधी तेरा.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं कोविडसाठी नियम काढले, तेव्हा ते ज्या कायद्याखाली काढले तो १८९७ चाच होता. मूळ कायदा फक्त चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करता येतील, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल, आणि चौथं कलम असं, की या कायद्याखाली सद्हेतूनं काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. अधिकार कधी संपेल, याची तारीख त्यात कुठंच नाही. एकशे तेवीस वर्षांत ती घालायला कुणी लावली नाही.